नाल्याचं मूळ विचारायलाच हवं

अनंत चतुर्दशी उलटली की दुसऱ्या दिवशी सकाळी पुण्यातल्या कुठल्याही घाटावर जाऊन पाहा. निर्माल्याचे ढीग, अर्धवट विरघळलेल्या मूर्तींचे हात-पाय, बंदी असूनही आलेल्या थर्माकोलच्या मखरांचे तुकडे, आणि त्यात हातमोजे घालून वाकलेली पन्नास-साठ माणसं. दहा वाजेपर्यंत पोती भरतात, साडेदहाला फोटो निघतो आणि दुपारपासून वाद सुरू होतो. एक बाजू म्हणते, ही सगळी फोटोची हौस. महापालिका कर घेते, तिचं काम तिने करावं, तुम्ही तिला सुटायला वाट देता आहात. दुसरी बाजू उसळून म्हणते, घरात बसून उंटावरून शेळ्या हाकण्यापेक्षा एक पोतं तरी उचललंत का कधी? जूनमध्ये पावसाळापूर्व सफाईच्या वेळी हेच, दोन ऑक्टोबरला हेच. दोन्ही बाजूंची माणसं माझ्या ओळखीची आहेत. खरं सांगायचं तर वेगवेगळ्या वर्षी दोन्ही बाजूंनी मीही भांडले आहे. आता वैताग एवढ्याचाच येतो की भांडणारे दोघेही एकच तराजू घेऊन बसलेत: कचरा किती निघाला? एकाला तो फार वाटतो, दुसऱ्याला किरकोळ.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. स्वयंसेवकांच्या हातून शहरातली नदी स्वच्छ होत नाही, होणारही नाही. तरीही दर आठवड्याला नदीवर जाणारी माणसं शहराला हवीत, कारण नदीत काय, कुठून, कधी येतं हे पाहिलेलं आणि बदली न होणारं कुणीतरी लागतं. श्रमदान ही त्या पाहण्यापर्यंत नेणारी पायवाट आहे. ती पोत्यांच्या राशीपाशी संपत असेल, तर टीकाकारांचा शब्दन् शब्द खरा.

त्यांचा सगळ्यात भक्कम मुद्दा नदीच्या पोटातला आहे. मुळा-मुठेचं दुखणं दिसणाऱ्या कचऱ्याचं नाही. मैलापाण्यात नव्याण्णव टक्क्यांहून जास्त पाणीच असतं. उरलेला अंश त्यात विरघळलेला किंवा तरंगता, आणि तो कुजताना पाण्यातला प्राणवायू खातो. मासा त्यानेच मरतो, वासही त्याचाच. हे चिमट्याने उचलता येत नाही. त्याला मैलाशुद्धीकरण केंद्र लागतं, तिथपर्यंत नेणारी वाहिनी लागते, पंप लागतो, विजेचं बिल भरायला पैसे लागतात. पुण्यासाठी ‘जायका’ या जपानच्या मदतसंस्थेचं कर्ज घेऊन आखलेला प्रकल्प सुमारे 990 कोटींचा, 11 केंद्रांचा, दिवसाला 396 दशलक्ष लिटर मैलापाणी शुद्ध करण्याचा. करार जानेवारी 2016 मधला. मुदत केव्हाच उलटून गेली. शंभर पोती भरून फार तर एक टन कचरा निघतो, आणि तेवढ्याच वेळात कितीतरी टन मैलापाणी शांतपणे खालच्या अंगाला गेलेलं असतं. पुढे भीमा, मग उजनी, मग सोलापूरच्या नळाला. पुण्याने सोडलेलं सोलापूरने प्यायचं, अशी ही व्यवस्था आहे. तिच्यापुढे घाटावरचा झाडू म्हणजे रोग रेड्याला आणि औषध पखालीला.

इतिहासही टीकाकारांच्याच बाजूने साक्ष देतो. 1858 च्या उन्हाळ्यात लंडनची टेम्स नदी इतकी सडली की पार्लमेंटच्या पडद्यांना चुन्याचं क्लोराइड फासायची वेळ आली. त्या दुर्गंधीने खासदार हलले, पैसा मंजूर झाला आणि बॅझलगेट नावाच्या अभियंत्याने मैलावाहिन्यांचं जाळं घातलं. पुढे शहर वाढलं, वाहिन्या आणि केंद्रं अपुरी पडली, आणि 1957 मध्ये पाहणी झाली तेव्हा लंडनच्या पट्ट्यात नदी जवळजवळ मेलेली निघाली. मोठी शुद्धीकरण केंद्रं सुधारली तेव्हा कुठे मासे परतले; 1974 मध्ये सामन मासा सापडला. या कहाणीत पोतं घेतलेला स्वयंसेवक कुठेच नाही. आहे तो कायदा, पैसा आणि काँक्रीट.

दुसरा आक्षेप जास्त टोचणारा आहे, आणि नदीप्रेमी मंडळी त्याला बगल देतात म्हणून तो मुद्दाम सांगते. काही वर्षांपूर्वी एका घाटावर आमचं श्रमदान होतं. एका कंपनीने टी-शर्ट, टोप्या, जाड रबरी हातमोजे दिले होते. आमच्यापासून वीस पावलांवर ठेकेदाराचे दोन बिगारी आम्ही भरलेली पोती टेम्पोत टाकत होते. उघड्या हातांनी. पोतं फाटलं की आतलं हाताने गोळा करत. साडेदहाला आम्ही निघालो तेव्हा त्यातला एक जण पुढे आला आणि म्हणाला, ‘ताई, ते मोजे नको असतील तर राहू द्या.’ मळलेले, आतून घामाने ओले झालेले मोजे त्याने आठ-दहा जणांकडून मागून घेतले, नदीच्याच पाण्यात खंगाळले आणि टेम्पोच्या हुडावर वाळत घातले. फोटोत आम्ही होतो. ज्या कामाचं आम्हाला दोन तासांत कौतुक मिळालं, ते काम आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या ठरावीक जातींच्या माथी मारलेलं आहे, आणि आजही कंत्राटी कामगाराला त्यात ना हातमोजा ना सन्मान. मग फुकट राबणारे हौशी आले की पगारी माणसं नेमण्याचा, त्यांना साधनं देण्याचा आग्रह ढिला पडत नाही का? पडतो. मी पडताना पाहिलाय. ‘या वेळी घाटाची सफाई संस्थेकडून होणार आहे’ हे वाक्य कार्यालयात ऐकू येतं तेव्हा त्याचा अर्थ एवढाच असतो.

तिसरी गोष्ट कबूल करताना मला स्वतःला ओशाळं वाटतं. नदीकाठावर राहणाऱ्या गरीब माणसालाच कचरा समजण्याची खोड आपल्या या चळवळीत आहे. सप्टेंबर 2019 मध्ये पुण्यातल्या आंबिल ओढ्याला पूर आला, वीसहून अधिक माणसं गेली. ओढ्याचं पात्र कुणी कुणी आवळलं याचा हिशोब मांडला असता तर त्यात भिंती बांधणाऱ्या सोसायट्या आल्या असत्या, वळवलेलं पात्र आलं असतं, परवानग्या आल्या असत्या. जून 2021 मध्ये, साथीच्या दिवसांत, दांडेकर पुलाजवळची ओढ्याकाठची घरं पाडायला यंत्रं आली ती मात्र वस्तीवर. तेव्हा नदीसाठी दर रविवारी भेटणाऱ्या आमच्यापैकी किती जण तिथे उभे राहिले? सुशोभित काठाची ओढ आणि पाडापाडीची भूक यांच्यातलं अंतर वाटतं तेवढं लांब नाही. काठावर हिरवळ, फरसबंदी, दिवे आले की नदी ‘सुधारली’ असं वाटणारे स्वयंसेवकही मला भेटले आहेत. साबरमतीच्या काठावर फिरून आलेल्यांना तिथलं पाणी नर्मदेच्या कालव्याचं आहे आणि शहर ओलांडल्यावर त्याच नदीच्या प्रदूषणाची गुजरात उच्च न्यायालयाला 2021 मध्ये स्वतःहून दखल घ्यावी लागली, हे सांगितलं की चेहरा पडतो.

इतकं सगळं मान्य केल्यावर उरतं काय? उरते ती एक दोनशे पानी वही.

हा किस्सा कुठल्या शहरातला ते मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं की चर्चा त्या एका कार्यालयाची होते आणि पद्धत बाजूला राहते. आमचा एक गट तीन वर्षं एका नाल्याच्या मुखाशी सफाई करायचा. दर रविवारी पोती भरायची, ती काठावर आठवडाभर पडून राहायची, कुत्री फाडायची, पहिल्या जोराच्या पावसात अर्धी परत नदीत. नाल्यात मैला येतो तो वरच्या वस्तीचा, याबद्दल आमच्यात कुणालाही शंका नव्हती. कुणी तपासलं नव्हतं. सगळ्यांना ‘माहीत’ होतं. गटात एक निवृत्त गणिताच्या शिक्षिका होत्या, आम्ही त्यांना बाईच म्हणतो. गुडघे दुखत असल्यामुळे त्यांना वाकता येईना. मग त्यांनी वही आणली आणि पट्टीने रकाने आखले: तारीख, वेळ, रंग, वास, फेस, पाऊस, शेरा. त्यांचं घर नाल्यासमोरच, त्यामुळे त्या रोज लिहू लागल्या. ‘सकाळी 8, पाणी फिकट, तळ दिसतो, दोन शेकाटे पक्षी.’ ‘दुपारी 3.20, राखाडी, वास उग्र, पांढरे तुकडे.’ अकरा आठवड्यांनी त्यांनी वही उघडून दाखवली. अकरापैकी आठ गुरुवारी दुपारी तीन-साडेतीनच्या सुमारास पाणी राखाडी झालेलं. इतर वारी क्वचित.

वस्तीतली माणसं काय फक्त गुरुवारी संडासला जातात? बाईंचा प्रश्न असा, वर्गात विचारल्यासारखा. आम्ही नाल्याच्या कडेने वर चालत गेलो, त्या तीन वर्षांत पहिल्यांदाच. वस्तीत एक बाई कपडे धूत होत्या. त्यांना विचारलं तर हसल्या. ‘लाइट गेली की येतं ते. तिकडनं, पंपाकडनं.’ आणि हात करून त्यांनी पाइपच दाखवला. झुडपात दडलेला, वीतभर तोंडाचा, भिंतीतून बाहेर आलेला. गुरुवारी त्या भागात दुरुस्तीसाठी वीज बंद. वीज नाही म्हणजे मैलापाण्याचा पंप बंद, पंप बंद म्हणजे मैलापाणी साठवायची विहीर भरते, विहीर भरली की जादा पाणी त्या पाइपातून नाल्यात. वस्तीला हे वर्षानुवर्षं ठाऊक होतं. विचारायला आम्ही गेलो नव्हतो, कारण आम्हाला उत्तर आधीच माहीत होतं ना!

नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ विचारू नये, म्हणतात. असेल. नाल्याचं मूळ मात्र विचारायलाच हवं, आणि ते तिथे सतत जाणाऱ्याशिवाय कोण विचारणार? नदीपात्र जलसंपदा खात्याचं, काठ महापालिकेचा, प्रदूषण मंडळाचं, बांधकामाची परवानगी आणखी कुणाची. पाण्याचे नमुने घेतले जातात ते ठरलेल्या जागी, ठरलेल्या दिवशी. गुरुवारच्या साडेतीनला तिथे कुणी नसतं. अधिकारी तीन वर्षांनी बदलतो, नगरसेवक पाच वर्षांनी, ठेकेदार निविदेगणिक. त्याच जागी वर्षानुवर्षं उभं राहणारं माणूस या सगळ्या यंत्रणेत नाहीच. म्हणून ‘महापालिकेचं काम महापालिकेने करावं’ हे वाक्य बरोबर असूनही अपुरं पडतं. काम झालं की नाही हे तिला आणि आपल्याला सांगणार कोण?

इथे मला गाडगेबाबा आठवतात, आणि त्यांचं नाव निघालं की आपण नेमकी अर्धीच गोष्ट सांगतो. बाबा गावात शिरले की आधी खराटा हातात घेत, रस्ते, गटारं झाडत. हे सगळ्यांना पाठ आहे. रात्री त्याच गावात ते कीर्तनाला उभे राहत आणि लोकांना एकामागून एक प्रश्न विचारत: कर्ज काढून सण कशाला, देवाला बोकड कशाला, दारू कशाला, अस्पृश्यता कशाला? उत्तर ते समोरच्याच्या तोंडून काढून घेत. सकाळी गल्लीबोळ झाडलेल्या माणसाने विचारलेला प्रश्न होता तो. त्याला ‘तुला काय माहीत आमच्या गावाचं’ असं कोण म्हणणार? खराट्याने त्यांना गाव दाखवलं आणि प्रश्न विचारायचा अधिकारही मिळवून दिला. सरकारने त्यांच्या नावाने 2000 साली ग्रामस्वच्छता अभियान सुरू केलं, उत्तमच केलं. पण त्यात खराटा आला आणि कीर्तन मागेच राहिलं. आपल्या नदीसफाईचं नेमकं तेच झालंय. टीकाकारांना नुसतं कीर्तन हवंय, सफाईवाल्यांना नुसता खराटा.

सेनापती बापटांचं उदाहरण तर थेट या नदीचंच. पारनेरला हातात झाडू घेऊन गाव साफ करणारे बापट, 1921 मध्ये मुळशीला धरणाविरुद्ध सत्याग्रहात उतरलेले बापट, ही दोन माणसं नव्हेत. तो लढा हरला, धरण झालं. मुळेचं वरचं पाणी तेव्हापासून घाट उतरून भिऱ्याला वीज करायला जातं. पुण्यात मुळेला पाणी कमी का, असं विचारणाऱ्याने शंभर वर्षं मागे जायला हवं, हे जाता जाता. मुद्दा असा की झाडणाऱ्याने भांडू नये आणि भांडणाऱ्याने झाडू नये, हा नियम आपल्या परंपरेत नव्हता. तो आपण हल्ली, प्रायोजकांच्या सोयीसाठी केला.

आणि त्या टेम्सच्या कहाणीकडेही पुन्हा एकदा पाहायला हवं. 1854 मध्ये लंडनच्या सोहो भागात पटकी पसरली तेव्हा डॉक्टर जॉन स्नोने ब्रॉड स्ट्रीटच्या हापशावर बोट ठेवलं, हे शाळेत शिकतो. हेन्री व्हाइटहेड मात्र फारसा कुणाला माहीत नसतो. हा तिथल्या चर्चमधला तरुण धर्मोपदेशक. स्नोचं म्हणणं त्याला पटलं नव्हतं आणि ते खोटं पाडायलाच तो निघाला. घरोघरी त्याची ओळख होती. कोण कुठलं पाणी पितं, कोण कधी आजारी पडलं हे लोक त्याला सांगत. विचारता विचारता स्नोच बरोबर असल्याचं त्याला कळलं, आणि हापशाशेजारच्या घरातलं, आधी आजारी पडलेलं तान्हं बाळही त्यालाच सापडलं. त्या बाळाच्या लंगोटांचं पाणी हापशालगतच्या शोषखड्ड्यात जात होतं. स्नोकडे शास्त्र होतं. घराघरांत शिरायची वाट व्हाइटहेडकडे होती. आपल्या काळातलंही घ्या. लंडनमध्ये हॅमरस्मिथ पुलाजवळ टेम्सच्या काठी वेट वाइप्सचे, म्हणजे पुसून फेकून द्यायच्या ओल्या कागदी रुमालांचे, अक्षरशः ढिगारे साचले होते. तिथल्या स्वयंसेवकांनी ते उचलले, पण उचलताना मोजले. एका लहानशा तुकड्यात पाच हजारांहून जास्त. वर्षानुवर्षं तीच जागा, तेच मोजमाप. हे आकडे संसदेत पोचले, आणि 2024 मध्ये सरकारला प्लॅस्टिक असलेल्या वाइप्सवर बंदी आणणार असल्याचं जाहीर करावं लागलं. नुसते उचलून नेले असते तर? काठ आठवडाभर स्वच्छ दिसला असता.

आता दुसऱ्या बाजूशी, म्हणजे माझ्या स्वतःच्या गोतावळ्याशी भांडते. ‘आम्हाला राजकारणात पडायचं नाही, आम्ही फक्त सफाई करतो’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की त्याची आता चीड येते. नदीत राडारोडा टाकणाऱ्या डंपरला क्रमांक असतो, मालक असतो. रात्री दोनला तो येतो तेव्हा त्याचा फोटो काढणं हे राजकारण, आणि त्याच राडारोड्यावर अडकलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या रविवारी उचलणं ही सेवा? मुंबईतल्या वर्सोव्याचं उदाहरण घ्या. ऑक्टोबर 2015 पासून अफरोज शाह आणि त्यांच्या सोबत्यांनी तिथला किनारा साफ केला, जगाने दखल घेतली, संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कार मिळाला. दोन वर्षांनी, नोव्हेंबर 2017 मध्ये, त्यांनाच काम थांबवत असल्याचं जाहीर करावं लागलं. गुंडगिरी होत होती आणि गोळा केलेला कचरा किनाऱ्यावरून उचलला जात नव्हता. पुढे काम पुन्हा सुरू झालं. पण देशातल्या सगळ्यात गाजलेल्या सफाईलाही शेवटी यंत्रणेशी झगडावं लागलं, मग तुमच्या-माझ्या नाल्याची काय कथा? केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2018 मध्ये देशात नद्यांचे 351 प्रदूषित पट्टे मोजले, त्यातले 53 महाराष्ट्रात. 2022 मध्ये देशाचा आकडा 311 वर आला. आपला 55 झाला. मधल्या चार वर्षांत आपल्याकडे सफाई मोहिमा कमी झाल्या होत्या काय? आळंदीला इंद्रायणीवर वारीच्या तोंडावर पांढरा फेस येतो, वारकरी त्यातच स्नान करतात, आपण हळहळतो. फेस पोत्यात भरता येत नाही म्हणून तो आपल्या मोहिमेत बसत नाही, एवढंच.

म्हणून माझं सफाईवाल्यांना सांगणं आहे: या वर्षी शंभर पोती भरली की पन्नास, ते राहू द्या. तुमच्या पट्ट्यात किती नाले, किती पाइप येऊन मिळतात? एप्रिलमध्ये, टळटळीत उन्हात, त्यातले किती वाहतात? पावसाळी गटाराचा पाइप एप्रिलमध्ये वाहत असेल तर ते पावसाचं पाणी नव्हे, हे कळायला प्रयोगशाळा लागत नाही. निळी पूररेषा, म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, आणि लाल, शंभर वर्षांतल्या पुराची, तुमच्या घाटावर नेमकी कुठून जाते, कुणी चालून पाहिलीय? काठावर वाळुंजाची झाडं किती, झरे कुठे, खंड्या शेवटचा कधी दिसला? 25 जुलै 2024 च्या पहाटे खडकवासल्यातून सोडलेलं पाणी पस्तीस हजार क्युसेकच्या वर गेलं आणि सिंहगड रस्त्यावरची एकतानगरी बुडाली. पाण्याचा आकडा दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या तोंडी होता. त्या पात्रात आधीच्या दहा वर्षांत कुठे, किती भराव पडला, हे मात्र ज्याने-त्याने आठवणीवर सांगितलं. तारखेसह काढलेल्या फोटोंची एक चोपडी असती तर त्या चर्चेचं वजन वेगळं झालं असतं.

पुण्यात असं काम झालेलं आहे, होत आहे, हेही सांगायला हवं. नाहीतर मी नुसती रडगाणी गाते असं व्हायचं. ‘जीवितनदी’सारख्या संस्थेने नदीकाठ दत्तक घ्यायची कल्पना रुजवली: पट्टा ठरवायचा, तिथेच पुन्हा पुन्हा जायचं, लोकांना नदीकाठी फिरवून नदी दाखवायची. एप्रिल 2023 मध्ये नदीकाठ सुधार प्रकल्पातल्या झाडांसाठी हजारो पुणेकर रस्त्यावर उतरले. ते काही एका रात्रीत नदीच्या प्रेमात पडले नव्हते. चव्वेचाळीस किलोमीटरच्या त्या प्रकल्पाबद्दल मतं काहीही असोत, काठावर काय आहे हे आधी पाहून ठेवलेलं असल्यामुळेच ‘तिथे नुसती झुडपं आहेत’ हे म्हणणं टिकलं नाही. ज्या शहरात ‘नदीपात्र’ म्हणजे गाड्या लावायची जागा आणि पावसाळ्यात भिडे पूल बुडाल्याची बातमी, एवढीच नदीशी ओळख उरली होती, तिथे ही लहान गोष्ट नाही.

टीकाकार इथे विचारतील, आणि त्यांनी विचारावंच, की नोंदी ठेवून तरी काय झालं? अर्ज, स्मरणपत्रं, माहिती अधिकार यांत आयुष्य जातं आणि नाला वाहतच राहतो. खरं आहे. पण नोंद नसताना तक्रार काय होते ते मी पाहिलंय. वही येण्याआधी आम्ही त्या कार्यालयात गेलो होतो तेव्हा साहेबांनी चहा पाजला आणि म्हणाले, ‘मॅडम, तुम्ही कचरा उचलता ते फार छान करता. हे जरा टेक्निकल असतं.’ वही घेऊन गेलो तेव्हा चहा आला नाही. त्यांनी पानं उलटली, गुरुवारांवर बाईंनी लाल पेन्सिलीने केलेल्या खुणा पाहिल्या आणि विचारलं, ‘हे कुणी लिहिलंय?’ पंपघराचं लॉगबुक आम्ही माहिती अधिकारात मागवलं. त्यात त्या आठही गुरुवारी पंप चोवीस तास चालू असल्याचं लिहिलेलं होतं. वीज नव्हती त्या वेळातही. वीज बंद असल्याच्या वेळा आमच्या मोबाइलवर संदेशात आलेल्या होत्या. दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. बोलायचं काही उरलं नाही. वस्तीतल्या त्या बाई आमच्यासोबत आल्या होत्या. पाइप कुठे आहे ते नकाशावर त्यांनीच दाखवलं.

सात महिन्यांनी जनरेटर आला. पुढचे चार गुरुवार पाणी फिकट राहिलं, तळ दिसला. पाचव्या गुरुवारी पुन्हा राखाडी. चौकशी केली तर जनरेटर शाबूत होता, डिझेलची तरतूद पुढच्या अंदाजपत्रकात होती. बाईंनी वहीत एक नवा रकाना आखला आहे: डिझेल. त्याखाली परवाच्या तारखेला लिहिलंय, ‘नाही. 3.35. राखाडी.’